कलाभवनाचे विद्यार्थी : धुंडिराज गोविंद फाळके

दादासाहेब फाळके हे नाव कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे चित्रपटगृहाचा शुभ्र पडदा उभा राहतो. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांची कीर्ती सर्वतोमुखी आहे आणि ती यथार्थही आहे. परंतु ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा पहिला कथाचित्रपट १९१३ साली लोकांपुढे आला, त्या वेळी फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यापूर्वीची वीस-बावीस वर्षे हा गृहस्थ काय करीत होता, हे फारसे कोणी विचारीत नाही. ह्या काळात ते काच, कागद, धातू व दगड ह्यांवर प्रकाशाच्या साहाय्याने चित्र उमटविण्याची विद्या शिकत होते आणि तिच्यावरच कसाबसा चरितार्थ चालवीत होते. त्या विद्येचे पहिले पाठ त्यांनी गिरविले ते आपल्या बडोद्यात, कलाभवनात. म्हणून चित्रपटमहर्षी फाळके ह्यांच्यापेक्षा कलाभवनाचे विद्यार्थी फाळके ह्यांचीच ओळख येथे अधिक विस्ताराने करून देण्याचे योजिले आहे.

धुंडिराजांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर ह्या क्षेत्री झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. मुलाची ओढ मात्र पोथ्यांपेक्षा चित्रांकडे अधिक. पुढे दाजीशास्त्र्यांस मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापकाची जागा मिळाली व कुटुंब मुंबईस आले. १८८५ साली धुंडिराजांचे नाव सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी थोरले बंधू शिवरामपंत ह्यांच्याबरोबर ते बडोद्यास आले.

ते बडोदे श्रीमंत सयाजीराव महाराजांचे होते. प्रजेच्या हाती केवळ लेखणी न देता हत्यारही द्यावे, ह्या विचाराने महाराजांनी १८९० साली कलाभवनाची स्थापना केली. त्याची धुरा सुरतेचे रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर ह्यांच्याकडे होती. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास कोणी डांबर फासले असता तो रसायनांच्या योगे पुन्हा शुभ्र करून देणारे ते हेच गज्जर होत. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला अशा अनेक शाखा तेथे एका छपराखाली नांदत होत्या. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची जी तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे, तिचे मूळ ह्या कलाभवनात आहे. तिच्या घुमटाखालून जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांस फाळक्यांची आठवण होत असेल कोण जाणे!

कलाभवनात फाळके तैलरंगांचे व जलरंगांचे चित्रण शिकले. १८९० च्या सुमारास त्यांनी एक कॅमेरा मिळविला आणि ते छायाचित्रणाच्या नादी लागले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श रंगमंदिराची प्रतिकृती मांडून त्यांनी सुवर्णपदकही पटकाविले. गज्जरांची पारख मोठी. ह्या विद्यार्थ्याची बोटे आणि डोके दोन्ही चालतात हे ओळखून त्यांनी त्यास ठसे तयार करण्याची व शिळामुद्रणासाठी छायाचित्र दगडावर उतरविण्याची कला शिकण्यास रतलामला पाठविले. परत आल्यावर कलाभवनातील छायाचित्रशाळा व प्रयोगशाळा वापरण्याची मोकळीकही दिली. पदक मिळणे हे नशिबाचे काम असेल, पण प्रयोगशाळेची किल्ली मिळणे हे खरे भाग्य, असे मला वाटते.

फाळके रतलामहून जी विद्या घेऊन आले, तिचा प्राण एक साधे रसायन होते. त्याची हकीकत जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती फाळक्यांबरोबर संपलेली नाही. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढलेला शुद्ध सरस. तो कोमट पाण्यात विरघळवून त्यात पोटॅशियम डायक्रोमेट ह्या नारिंगी क्षाराचे द्रावण मिसळावयाचे आणि काचेवर किंवा कागदावर त्याचा पातळ थर देऊन अंधारात वाळवावयाचा. मग जेथे प्रकाश पडेल तेथे सरस कठीण होतो व पाण्यास दाद देत नाही; जेथे पडणार नाही तेथे तो पूर्ववत मऊ राहतो. निगेटिव्हखाली असा कागद उन्हात धरून नंतर भिजविला, की कठीण भाग तेलकट शाई धरतो आणि ओला मऊ भाग तिला झिडकारतो. ती शाई दगडावर दाबली की चित्र दगडावर उतरले. मग हव्या तेवढ्या प्रती काढाव्यात. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर असाच थर दिला तर कठीण झालेला भाग खालच्या धातूचे आम्लापासून रक्षण करतो, उरलेली धातू आम्ल खाऊन टाकते आणि छापण्याचा ठसा तयार होतो. तिरंगी चित्र हवे असल्यास तांबड्या, हिरव्या व निळ्या काचेतून तीन निगेटिव्ह घ्यावयाच्या, तीन ठसे करावयाचे आणि ते एकावर एक अचूक बसवून छापावयाचे. केसभर सरकले की चेहरा बिघडला! यंत्र थोडे, हाताची सफाई फार, असा हा व्यवसाय होता.

ह्या सरसाची एक खोड आहे. त्याच्यावर परिणाम होतो तो निळ्या व जांभळ्या प्रकाशाचा. तांबड्या प्रकाशाचे त्यास जवळजवळ भानच नसते. त्याचा रंग नारिंगी दिसतो तोही तो निळा प्रकाश गिळून टाकतो म्हणून. फाळक्यांना ह्या खोडीचा उपद्रव होण्याचे कारण नव्हते, कारण उन्हात निळा प्रकाश मुबलक असतो आणि ऊन फुकट मिळते.

विद्यार्थी मित्रांनो, हाच सरस पुढे एका अगदी नव्या विद्येच्या कामी आला. साध्या छायाचित्रात वस्तूच्या कोणत्या भागाकडून किती प्रकाश आला एवढीच नोंद होते. प्रकाशाच्या लाटा कोणत्या क्रमाने, किती पुढेमागे येऊन पोहोचल्या ह्याची नोंद हरवते आणि म्हणून चित्र सपाट दिसते. ही हरवलेली नोंदही टिपण्याची युक्ती १९४७ साली डेनिस गॅबर ह्या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञास इंग्लंडमध्ये सुचली. अशा चित्रास होलोग्राम म्हणतात. मान इकडेतिकडे हलविली की त्यातील वस्तूची बाजूही दिसू लागते, जणू काचेमागे खरी वस्तूच ठेवली आहे. परंतु त्यासाठी एका रंगाचा, एका तालात चालणारा प्रकाश हवा. तो देणारा लेसर १९६० साली आला आणि त्यानंतरच ही विद्या भरभराटीस आली. गॅबर ह्यांस तिच्यासाठी १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डायक्रोमेट मिसळलेला जुना सरस होलोग्रामसाठी उत्कृष्ट आहे हे १९६८ साली दिसून आले. त्यात चांदीचे कण नसल्यामुळे चित्र विलक्षण तेजस्वी येते.

अडचण होती ती त्याच जुन्या खोडीची. प्रयोगशाळांतून सर्रास मिळणारा लेसर तांबड्या प्रकाशाचा आणि सरस तांबड्यास आंधळा. निळा प्रकाश देणारा आर्गॉन वायूचा लेसर मिळे, पण तो अवजड, विजेचा खादाड व किमतीस भारी. तो मोठ्या संस्थांसच परवडे. १९९० नंतरच्या दशकात जपानमध्ये निळा व जांभळा प्रकाश देणारे लेसर डायोड तयार झाले. प्रथम तेही महाग होते. पुढे चित्रपटांच्या तबकड्या वाचणाऱ्या आणि पडद्यावर चित्र पाडणाऱ्या यंत्रांसाठी ते ढिगाने निघू लागले व त्यांची किंमत उतरली. आज बोटाच्या पेरावर मावेल असा निळा डायोड हौशी माणसाच्या खिशास परवडतो. रतलामच्या अंधारखोलीतला सरस आणि घरगुती यंत्रातला डायोड अशा रीतीने एकमेकांस भेटले.

ह्या स्वस्त डायोडने होलोग्राम घेण्याची कृती ऐकावयास सोपी आहे. लेसरचा किरण भिंगाने पसरवून सरसाच्या काचेवर सोडावयाचा. तो काचेतून पार होऊन पाठीमागच्या वस्तूवर, समजा एखाद्या नाण्यावर, पडतो आणि उलटून पुन्हा काचेकडे येतो. जाणाऱ्या व येणाऱ्या लाटा सरसाच्या जाडीत एकमेकींस भेटतात. कोठे एकमेकींचे बळ वाढवितात, कोठे एकमेकींस मारतात, आणि कमीअधिक कठीण झालेल्या सरसाचे अतिसूक्ष्म पदर तयार होतात. मग काच पाण्यात धुऊन अल्कोहोलमध्ये सुकविली की काम झाले. हे पदर इतके दाट असतात की एका मिलिमीटरच्या अंतरात सहा हजारांहून अधिक बसावेत. प्रकाश पडत असताना काच वा नाणे त्या सूक्ष्म अंतराच्या निम्म्यानेही सरकले तर हाती काही लागत नाही. रस्त्यावरून जाणारी मोटार, शेजारच्या खोलीतील पावले, तापून वर चढणारी हवा, सारेच शत्रू. शिवाय स्वस्त डायोड स्वभावाने चंचल. त्याचे तापमान किंवा त्यातील विजेचा प्रवाह किंचित बदलला तरी प्रकाशाच्या लाटेची लांबी बदलते व पदर विसकटतात. म्हणून त्यास अगदी स्थिर प्रवाह द्यावा लागतो आणि काही मिनिटे शांतपणे तापू द्यावे लागते. पैशांची जी बचत झाली, तिची भरपाई धीराने करावी लागते. आणि एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे : लेसरचा निळा किरण डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो आणि डायक्रोमेट हे विष आहे. जाणत्या शिक्षकांच्या देखरेखीवाचून ह्या वाटेस कोणी जाऊ नये.

फाळक्यांच्या काळी धीराची परीक्षा अधिक कठोर होती. कलाभवनातून बाहेर पडल्यावर त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा धंदा मांडला. तेथे १९०० च्या सुमारास प्लेगची साथ आली आणि त्यांची पत्नी व मूल दोन्ही गेली. दुःखी मनाने ते बडोद्यास परतले. पुन्हा दुकान मांडले, तर कॅमेरा माणसाची जीवनशक्ती शोषून घेतो, छायाचित्र काढून घेतले की आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत पसरलेली. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविण्यास सुरुवात केली. जादूचे प्रयोगही त्यांनी ह्याच सुमारास शिकून घेतले. त्यांच्या चित्रपटांत पुढे देव अंतर्धान पावतात आणि राक्षसांची मुंडकी उडतात, त्यांचा उगम ह्या हलाखीच्या दिवसांत आहे.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. ह्या बाईंची योग्यता पुढे दिसून येईल. १९०३ साली फाळक्यांस पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकाराची व आरेखकाची सरकारी नोकरी मिळाली. ती त्यांनी तीन वर्षांनी सोडली. मग लोणावळ्यास ठशांचा व छपाईचा कारखाना निघाला. राजा रविवर्मा ह्यांच्या छापखान्याचे काम ते करीत. बडोद्याच्या राजवाड्यासाठी पौराणिक चित्रे रंगविणारे रविवर्मा ते हेच. पुढे कारखाना मुंबईस दादर येथे आला व ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ ह्या नावाने नावारूपास चढला. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यास फाळके जर्मनीस जाऊन आले. धंदा ऐन भरात असताना भागीदाराशी बिनसले आणि ते हात झाडून बाहेर पडले. भागीदाराशी जमवून घेणे फाळक्यांस आयुष्यात कधीच साधले नाही, हे त्यांच्या चाहत्यानेही मान्य केले पाहिजे.

१९११ साली ईस्टरच्या दिवसांत मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. तो पाहताना आपले राम आणि कृष्ण असेच पडद्यावर चालताबोलताना कधी दिसतील, ह्या विचाराने त्यांना घेरले. त्या दिवसापासून दुसरा उद्योग उरला नाही. मिळतील तेवढे चित्रपट पाहावयाचे, जुन्या फिती आणून रात्री घरी भिंतीवर मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून त्यांची चित्रे पाडावयाची, चौकटीमागून चौकट न्याहाळावयाची. झोप नाही, विश्रांती नाही. परिणाम व्हावयाचा तोच झाला. डोळे अधू होऊन काही काळ त्यांस दिसेनासे झाले. ज्याचे सारे जीवित प्रकाशावर अवलंबून, त्याच्यापुढे अंधार! डॉक्टरांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने दृष्टी परत आली, आणि ती येताच फाळके पुन्हा त्याच कामास लागले.

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी कर्ज उभे केले व १ फेब्रुवारी १९१२ रोजी विलायतेस प्रयाण केले. लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांची ओळख झाली आणि त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ ह्यांच्या चित्रशाळेत सारी कामे जवळून पाहता आली. विल्यमसन कंपनीचा एक कॅमेरा, फितीस भोके पाडण्याचे यंत्र व कोरी फिल्म ह्यांची तजवीज करून ते १ एप्रिलला परत आले.

आता प्रश्न आला भांडवलाचा. चित्रपट काढतो म्हणणाऱ्या कफल्लक माणसास पैसा कोण देणार? फाळक्यांनी त्याचे उत्तर वाटाण्याच्या एका दाण्याने दिले. कुंडीत दाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर पक्का बसविला आणि ठराविक वेळाने एकेक चौकट घेत राहिले. महिन्याभरात दाण्यास अंकुर फुटला, त्याचा वेल झाला आणि पडद्यावर ती सारी वाढ एखाद्या मिनिटात डोळ्यांदेखत घडली! ‘अंकुराची वाढ’ ह्या नावाने ती फीत ओळखली जाते. महिनाभर कॅमेऱ्यास धक्का लागू न देणे, चौकटींतील प्रकाश सारखा राखणे, वेळ न चुकविणे, हे बिऱ्हाडाच्या घरात मुलाबाळांच्या वर्दळीत साधणे सोपे नव्हते. ठसे अचूक बसविण्याची वीस वर्षांची सवय येथे कामी आली असली पाहिजे. होलोग्रामच्या काचेसमोर श्वास रोखून बसणाऱ्या आजच्या हौशी प्रयोगकर्त्यास ह्या कुंडीचे मोल अधिक कळेल. ती फीत पाहून यशवंतराव नाडकर्णी ह्यांनी कर्ज देण्याचे मान्य केले. उरलेल्या भागास सरस्वतीबाईंचे दागिने लागले.

‘राजा हरिश्चंद्र’ची हकीकत सर्वश्रुत आहे. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, म्हणून एका उपाहारगृहातील आचारी अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. चित्रपट सुमारे सात महिन्यांत पुरा होऊन ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी खुला झाला. पण त्यामागे घरात काय चालले होते ते कमी लोकांस ठाऊक आहे. दिवसा सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत आणि चित्रण चालू असताना पांढऱ्या चादरी धरून उन्हात तासन्‌तास उभ्या राहत, म्हणजे ऊन परतून पात्रांच्या तोंडांवर पडावे. रात्री अंधारखोलीत कोऱ्या फितीस भोके पाडणे, रसायने कालविणे आणि फीत धुणे ही कामेही त्यांनी शिकून घेतली होती. त्या काळची फिल्मही जुन्या सरसाच्याच जातीची; निळ्या प्रकाशास चटकन भुलणारी आणि तांबड्यास जवळजवळ आंधळी. म्हणूनच तांबड्या दिव्याच्या मंद उजेडात हे काम करता येई. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञ ह्या बाईच होत, असे म्हणण्यास काय हरकत आहे?

पुढील काही वर्षे वैभवाची गेली. कंपनी नाशिकला हलली. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आले. महायुद्धामुळे पैसा व फिल्म ह्यांची टंचाई झाली, तेव्हा साध्या आगकाड्या हालवून ‘आगकाड्यांची मौज’ ही गंमत त्यांनी पडद्यावर आणली. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके ह्यांनीच राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. १९१८ साली ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी’ उभी राहिली. तेथेही भागीदारांशी बेबनाव झाला आणि फाळके काशीस जाऊन राहिले. नंतर परत आले, पण तोवर धंद्याचे स्वरूप पालटू लागले होते. बोलपट आला आणि त्यांचा मूकपट ‘सेतुबंधन’ मागे पडला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी १९३७ साली ‘गंगावतरण’ हा बोलपट दिग्दर्शित केला, तो शेवटचा. नव्वदांहून अधिक चित्रपट काढलेल्या ह्या पुरुषाची अखेरची वर्षे नाशिकला ओढगस्तीत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचा देहान्त झाला. भारत सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू केला.

त्यांच्या चित्रपटांपैकी बहुतेक आज उरलेले नाहीत. त्या काळच्या नायट्रेटच्या फिती भुरकन पेट घेत, नाहीतर डब्यातल्या डब्यात कुजून त्यांची भुकटी होई. जे थोडे तुकडे वाचले ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपले आहेत. त्यांत १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चा बराच भाग आहे. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी त्यात बाळकृष्ण झाली आहे. यमुनेच्या डोहात उडी घेऊन ती कालियाच्या फण्यावर चढते आणि नाचते, ते आजही पाहावयास मिळते.